मदत हवी आहे: दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहिण्याची सवय कशी मोडावी?

डिचोली-सत्तरीकडची, मराठी प्राथमिक शाळेतून आलेली नववीची मुलं हमखास ‘इफ ही वुड हॅव कम, वी वुड हॅव वन’ असं लिहितात. कारण उघड आहे. ‘तो आला असता तर आपण जिंकलो असतो’ यात ‘असणे’ दोन्हीकडे येतं, इंग्रजीत मात्र ‘इफ’च्या बाजूला फक्त हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘इफ वी हॅड रीच्ड रायबंदर बाय फाइव्ह, वी वुड हॅव कॉट द फेरी’ हे फळ्यावर बरोबर येतं, निबंधात पुन्हा तेच.

संक्षेपात आणखी गोंधळ. ‘आय’ड सीन’मध्ये हॅड, ‘आय’ड हॅव सीन’मध्ये वुड. पुढे ‘हॅव’ आहे का ते बघा, असं सांगून वाचताना निभावतं. ऐकताना तो ‘हॅव’ नुसता ‘अव्ह’ होतो आणि निसटतो.

मिश्र प्रकारासाठी ‘इफ गोवा हॅड मर्ज्ड विथ महाराष्ट्र आफ्टर द 1967 पोल, इट वुडन्ट बी अ सेपरेट स्टेट टुडे’ हे वाक्य चालतं. अट भूतकाळातली पण परिणाम आजचा, म्हणून ‘वुड बी’. (वर्गात मग व्याकरण राहतं बाजूला, जनमत कौलावरच जुंपते!)

तर विचारायचं असं: मिश्र प्रकार लगेच घ्यावा की साधा पक्का झाल्यावर? आणि अमेरिकन व्हिडिओंत ‘इफ आय वुड हॅव’ सर्रास ऐकणाऱ्या मुलांना, बोलण्यात खपतं तरी उत्तरपत्रिकेत गुण जातात, हे पटवणारा एखादा सराव कुणाकडे आहे का? रिकाम्या जागा नकोत, त्या सगळ्यांना जमतात.