बॅकलिंकांचे पॅकेज विकत घ्यावे का? केळी वेफर्सच्या संकेतस्थळासाठी सल्ला हवा आहे

फैजपूर_वेफर्स:
नमस्कार. फैजपूरला आमच्या घरचा केळी वेफर्सचा उद्योग आहे. आजवर माल भुसावळ, जळगाव आणि बऱ्हाणपूरच्या दुकानदारांकडेच जात होता. गेल्या वर्षी संकेतस्थळ सुरू केल्यापासून पुण्या-मुंबईत आणि सुरतेत स्थायिक झालेली खान्देशी कुटुंबे थेट आमच्याकडे मागणी नोंदवू लागली आहेत. मात्र ही मंडळी बहुतेक ओळखीतून आलेली आहेत. गुगलवर "जळगाव केळी वेफर्स" असे शोधले, तर आमचे नाव तिसऱ्या पानाच्याही पुढे सापडते.

एका एजन्सीने 18,000 रुपयांत 60 बॅकलिंकांचे, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंकांचे, पॅकेज देऊ केले आहे. प्रत्येक लिंक डीए (डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे साइटच्या वजनाचा एक आकडा) 40 च्या वर असलेल्या साइटवरून मिळेल आणि तीन महिन्यांत पहिल्या पानावर नाव येईल, अशी हमी ते देत आहेत. माझ्या थोरल्या भावाला हा व्यवहार पसंत आहे, मला मात्र अशा हमीची धास्ती वाटते. यात खरोखर जोखीम आहे का, आणि असल्यास तीच रक्कम दुसरीकडे कुठे लावावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ:
ताई, घेऊ नका. मी जळगावात लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे सांभाळतो, त्यामुळे कारणे थोडी विस्ताराने लिहितो.

गुगलचा पाया 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या पेजरँकच्या कल्पनेवर उभा राहिला. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे त्याने केलेली शिफारस, असे तिचे सार आहे. शिफारशीला किंमत आली, तशी ती विकणारी मंडळीही आली आणि तेव्हापासून गुगल त्यांच्या मागावर आहे. रँकिंग वाढवण्याच्या हेतूने पैसे, वस्तू किंवा सेवा देऊन लिंक मिळवणे हे गुगलच्या स्पॅमविषयक धोरणात स्पष्टपणे नियमभंग म्हणून नोंदवलेले आहे. 24 एप्रिल 2012 रोजी आलेल्या पेंग्विन अपडेटचा, म्हणजे अशा लिंकांना आळा घालणाऱ्या गुगलच्या बदलाचा, परिणाम इंग्रजीतील सुमारे 3.1 टक्के शोधांवर झाला. त्या काळात जी साइट खाली गेली, तिला पुढच्या अपडेटपर्यंत ताटकळत बसावे लागे.

सप्टेंबर 2016 मध्ये पेंग्विन गुगलच्या मूळ प्रणालीचाच भाग झाला आणि तेव्हापासून संपूर्ण साइट खाली ढकलण्याऐवजी खोट्या लिंका मोजायच्याच नाहीत, याकडे कल वळला. डिसेंबर 2022 च्या अपडेटमध्ये लिंका विकत घेणाऱ्या आणि त्या विकण्यासाठीच चालवल्या जाणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या साइट ओळखण्यासाठी स्पॅमब्रेन ही प्रणाली वापरली गेली. तुमच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. आज सर्वाधिक शक्यता शिक्षेची नसून पैसे निमूटपणे बुडण्याची आहे. लिंका लागतात, एजन्सीचा अहवाल येतो, प्रत्यक्षात गुगल त्यांची किंमत शून्य धरते आणि तसे तुम्हाला कुणीही कळवत नाही. क्वचित काही आठवडे क्रमांक वर सरकतो आणि पुन्हा घसरतो. मग एजन्सी सांगते की लिंका कमी पडल्या, आणखी घ्या. घसरण होते ती पूर्वी मिळालेला खोटा लाभ काढून घेतल्यामुळे, आणि तो लाभ परत मिळवता येत नाही, असे गुगलने स्वतःच सांगितलेले आहे.

डीएबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ या खासगी कंपनीचा 1 ते 100 या दरम्यानचा अंदाजी आकडा आहे. गुगल तो वापरत नाही. शिवाय भरमसाट लिंका लावून तो फुगवताही येतो. एजन्सीकडे नमुन्यादाखल चार साइट मागा आणि त्या कशा दिसतात ते इथे लिहा.

फैजपूर_वेफर्स:
सविस्तर उत्तराबद्दल आभार. एजन्सीने चार साइटची यादी पाठवली आहे. त्यांची नावे देत नाही, पण पाहिलेले लिहिते. एका साइटचे नाव परदेशातल्या दातांच्या दवाखान्याचे आहे आणि आत आरोग्य, तंत्रज्ञान, कर्ज, कॅसिनो व घरसजावट असे विभाग आहेत. दुसरीवर एकाही लेखाला लेखकाचे नाव नाही आणि मुखपृष्ठावरच "आमच्यासाठी लिहा" असे ठळक बटण आहे. तिसरीवरच्या एका लेखात पहिल्या परिच्छेदात पॅकर्स-मूव्हर्सची लिंक आहे आणि त्याखालच्या परिच्छेदात रम्मीची. चौथी उघडलीच नाही. आमच्यासाठी लिहिलेला लेखाचा मसुदाही आला आहे. त्यात "बेस्ट बनाना चिप्स ऑनलाइन" याच शब्दांवर आमची लिंक आहे आणि साठही ठिकाणी हेच शब्द राहतील, असे ते म्हणतात.

तापीकाठ:
तुम्ही नेमके पाहिलेत. दातांच्या दवाखान्याने नूतनीकरण न केलेले डोमेन कुणीतरी उचलले असणार आणि त्याच्या जुन्या पुण्याईवर लेख विकायला काढले असणार. मुदत संपलेल्या डोमेनचा असा वापर गुगलने मार्च 2024 पासून स्पॅमच्या धोरणात स्वतंत्रपणे नोंदवला आहे. ज्या पानावर रम्मी आणि पॅकर्स-मूव्हर्स शेजारी बसतात, त्या पानावर वेफर्सची लिंक ही शिफारस आहे, असे कोणताही वाचक मानणार नाही. मग यंत्राने तरी का मानावे? साठ अनोळखी साइट एकाच महिन्यात, एकाच इंग्रजी शब्दसमूहावर फैजपूरच्या एका उद्योगाला लिंक देतात, हा ठसा लपत नाही. खऱ्या लोकांनी दिलेल्या लिंकांमध्ये कुणी तुमच्या उद्योगाचे नाव लिहितो, कुणी नुसता पत्ता देतो, कुणी "इथून मागवले" एवढेच म्हणतो.

देवपूर_धुळे:
वरील मतांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी एक अडचण मांडतो. आमच्या क्षेत्रातील एक स्पर्धक उघडपणे लिंका विकत घेतो आणि दोन वर्षे आमच्या वर आहे. त्याला काहीच झालेले नाही. दुसरे असे की स्थानिक दैनिकांच्या संकेतस्थळांवर पैसे देऊन प्रसिद्ध केलेला लेखही यातच मोडतो का? ती तर नावाजलेली वृत्तपत्रे असतात.

तापीकाठ:
स्पर्धक वर आहे तो त्या लिंकांमुळेच, असे बाहेरून सिद्ध करता येत नाही. त्याचे डोमेन जुने असेल, ग्राहकांचे अभिप्राय जास्त असतील, पाने चांगली असतील. लिंका आपल्याला दिसतात, म्हणून श्रेय त्यांना दिले जाते.

वृत्तपत्रांबद्दल एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ब्रिटनमधील फुले पोचवणारी इंटरफ्लोरा ही कंपनी फेब्रुवारी 2013 मध्ये गुगलच्या निकालांतून दिसेनाशी झाली. तिथल्या मदर्स डेला, म्हणजे ऐन हंगामाला, तेव्हा थोडेच दिवस उरले होते. अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर तिने प्रायोजित लेख छापून आणले होते. ती सुमारे 11 दिवसांत परतली, पण इतक्या झटपट सुधारणा करून घेण्याइतके मनुष्यबळ आपल्याकडे नसते. 2011 मध्ये अमेरिकेतील जेसीपेनी या मोठ्या दुकानसाखळीवरही अशीच कारवाई झाली. लिंका आम्ही लावल्या नाहीत, असे कंपनीने सांगितले आणि आपल्या एजन्सीला काढून टाकले, तरी क्रमांक घसरायचे ते घसरलेच. जानेवारी 2012 मध्ये तर गुगलने पैसे देऊन लिहवून घेतलेल्या ब्लॉगलेखांमुळे स्वतःच्याच क्रोम ब्राउझरचे पान किमान 60 दिवस खाली ढकलले होते.

जाहिरात म्हणून दैनिकात लेख देणे मुळीच गैर नाही. त्यातल्या लिंकला रेल-स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो ही, म्हणजे ही लिंक शिफारस म्हणून मोजू नये असे गुगलला सांगणारी, खूण लावली पाहिजे, एवढीच अट आहे. तिने रँकिंग मिळणार नाही, पण धुळ्याचा वाचक तो लेख वाचून तुमच्याकडे येईल आणि जाहिरातीचे काम तेच आहे.

शहादा_मिरची:
शिक्षेची शक्यता कमी असली तरी ती होते तेव्हा काय होते, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते. नंदुरबारच्या बाजारातून लाल मिरची घेऊन मसाले करणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या साइटवर एजन्सीने त्यांना न विचारता शेकडो लिंका लावल्या होत्या. एके दिवशी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या मोफत साधनात, अनैसर्गिक लिंकांबद्दल गुगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शनची सूचना आली, आणि मसाल्यांची घाऊक चौकशी करणारे जे फोन येत ते बंद झाले.

त्यानंतरचे काम अत्यंत कंटाळवाणे असते. सर्च कन्सोलमधून सगळ्या लिंकांची यादी उतरवून घ्यायची, प्रत्येक साइटला ती लिंक काढण्याची विनंती करायची, आणि जे उत्तर देत नाहीत त्यांची डोमेने एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहून गुगलच्या डिसअव्हाव टूलमध्ये, म्हणजे या लिंका मोजू नका असे कळवण्याच्या साधनात, चढवायची. काही साइटचालकांनी लिंक काढण्यासाठीही पैसे मागितले. मग काय घडले आणि काय दुरुस्त केले, हे लिहून फेरविचाराचा अर्ज करायचा. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण यादी अपुरी होती. पुढे कारवाई मागे घेतली गेली, पण जुना क्रमांक आला नाही, कारण तो मुळात त्याच लिंकांवर उभा होता. ज्यांना अशी सूचना आलेली नाही त्यांनी मात्र हे टूल उगाच वापरू नये. चांगल्या लिंकाही त्यात नाकारल्या जाऊ शकतात. "विषारी लिंका साफ करून देतो" म्हणणाऱ्या एजन्सींनाही म्हणूनच आधी कारण विचारावे.

तापीकाठ:
ताई, आता 18,000 रुपयांबद्दल. पहिला खर्च छायाचित्रांवर करा आणि गुगल बिझनेस प्रोफाइल पूर्ण करा, कारण आसपासच्या ग्राहकांच्या शोधात संबंध, अंतर आणि प्रसिद्धी यांवर क्रम ठरतो. त्यानंतर संकेतस्थळावर मराठीतून एक भरीव पान लिहा: कोणत्या जातीची कच्ची केळी घेता, रावेर-यावलच्या कोणत्या भागातून घेता, काप किती जाडीचा ठेवता, कोणत्या तेलात तळता, पाकीट किती दिवस टिकते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हा संदर्भही द्या, मात्र तुमचा कच्चा माल कुठला आहे हे खरे तेवढेच लिहा. परगावी राहणारा खान्देशी माणूस असे पान आपणहून कुटुंबाच्या गटात पाठवतो.

लिंका हव्यातच, तर ज्यांच्याशी तुमचा खरा व्यवहार आहे त्यांच्याकडे मागा. भुसावळचे दुकानदार, सुरतेचे वितरक, पाकिटे छापून देणारा मुद्रक, तुमची केळी पिकवणारी शेतकरी कंपनी यांपैकी ज्यांची संकेतस्थळे असतील, त्यांच्या विक्रेत्यांच्या किंवा ग्राहकांच्या पानावर तुमचे नाव येणे स्वाभाविक आहे. अशा पाच-सहा लिंका त्या साठांपेक्षा मोलाच्या आहेत.

फैजपूर_वेफर्स:
सर्वांचे मनापासून आभार. थोरल्या भावाला हा धागा वाचायला दिला, आणि एजन्सीला नकार कळवला आहे. एक शेवटची शंका आहे. पुण्यातील काही खाद्यब्लॉगर मंडळींना आम्ही पाकिटे भेट पाठवणार होतो. त्यांनी लिहिताना आमची लिंक दिली, तर ते चालेल का?

तापीकाठ:
पाकिटे जरूर पाठवा. लिंक द्यावी अशी अट घालू नका, कारण वस्तूच्या बदल्यात लिंक मिळवणे हेही धोरणाच्या विरोधातच आहे. सोबतच्या चिठ्ठीत एवढे लिहा की वेफर्स भेट म्हणून मिळाल्याचे वाचकांना सांगावे, आणि लिंक दिलीच तर तिला स्पॉन्सर्डची खूण लावावी. चव आवडली नाही तर तसेही लिहायला त्यांना मोकळीक द्या.