इस्तंबूलचं केस-प्रत्यारोपणाचं पॅकेज: आधी एवढं विचारा

विमानतळावरून गाडी, 3 रात्री हॉटेल आणि 'हवे तेवढे ग्राफ्ट' (डोक्यामागून मुळासकट काढून टकलावर लावायचे केसांचे पुंजके), सगळं एकाच रकमेत. जावं का, असं तुम्ही विचारलंय. मला हॉटेल नाही खटकत, 'हवे तेवढे' खटकतं. डोक्यामागचे केस ही मोजकी पुंजी. तिथून काढलेलं मूळ पुन्हा उगवत नाही. टाळू न तपासता नुसत्या व्हॉट्सॲपच्या फोटोवरून 5000 ग्राफ्टचा आकडा सांगणारा माणूस विक्रेता असतो, डॉक्टर नव्हे.

माझा मेव्हणा दुबईहून गेला होता. डॉक्टर आले, पेनाने कपाळावर रेघ मारली आणि गेले ते गेलेच. पुढचे 7 तास दोन टेक्निशियन. आता मागून केस बारीक कापले की कसर लागलेल्या शालीसारखं दिसतं.

म्हणून भूल कोण देणार, छेद कोण घेणार, हे नावासकट लेखी मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला. परदेशी रुग्ण घ्यायला तुर्कस्तानच्या आरोग्य मंत्रालयाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते क्लिनिकचं आहे की मधल्या एजन्सीचं, नीट वाचा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांची कुणी चौकशीच केली नाही, तर तेही वाईट लक्षण. 'आजच बुक करा, सूट मिळेल' हे साड्यांच्या सेलला ठीक आहे हो!

आणि परतल्यावर फोन कोण उचलणार? मेव्हण्याला दहाव्या दिवशी पू झाला, तेव्हा तिकडून उत्तर आलं: शॅम्पू बदला.