सोनूचं विमान आणि बंड्याचा व्हिडिओ

सोनूताई: बंड्या, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ. पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. सकाळी फोन उघडला तर समोर जळतं विमान!

बंड्या: अगं फॉरवर्ड आला होता, न बघताच पुढे ढकलला. काढलाय.

माईआत्या: न बघता ढकलायची त्याची खोड जुनीच. आजोबांच्या वेळचं आठवतंय ना?

बंड्या: आत्या, ते आता कशाला उकरून काढायचं?

अप्पाकाका: रेल्वेने जावे. वेळ लागतो पण जीव शांत राहतो. – अप्पा

सोनूताई: काका, येण्याजाण्यातच निम्मी रजा संपेल. आणि टाळत गेलं की भीती आणखी वाढते, हे मला पुरतं कळलंय. एकच विनंती, "घाबरू नकोस, काही होत नाही" असं कोणी लिहू नका.

माईआत्या: घाबरू नकोस गं, काही होत नाही.

माईआत्या: तुझा मेसेज नंतर वाचला.

मीनावहिनी: सोनू, मी इतकी वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, म्हणून सांगते. तुला धडकी भरते ती उड्डाणानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. मागच्या वेळी माझा हात तिथेच आवळला होतास. चाकं आत जातात तेव्हा पायाखाली धप्प होतं. मग इंजिनांचा जोर मुद्दाम कमी करतात, आवाज एकदम उतरतो, पोटात गोळा येतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. पण ते चढतच असतं, फक्त चढणं जरा संथ झालेलं असतं. पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, आत घेताना घरघर येते. हे आवाज याच सुमारास येणार हे आधीच माहीत असलं की दचकायला होत नाही.

सोनूताई: वहिनी, हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं. आणि हादरे?

मीनावहिनी: हादऱ्यांनी लोकांना इजा होते ती बहुतेक पट्टा न बांधल्यामुळे. म्हणून दिवा विझला तरी पट्टा सोडायचा नाही. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरतात, त्याच्या दीडपट भार पंखांना पेलावा लागतो. त्याशिवाय विमानाला परवानगीच मिळत नाही. पंखांच्या आसपासची सीट घे, शेपटीकडे जास्त हलतं. आणि शक्यतो सकाळचं विमान बघ. जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि दुपारी धक्के वाढतात.

बंड्या: दोन्ही इंजिनं बंद पडली तरी विमान दगडासारखं खाली येत नाही. २००१ साली अटलांटिकवर एका ए३३० जातीच्या विमानाचं इंधन गळून संपलं. ते सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. आतले ३०६ जण वाचले!

माईआत्या: अरे, तिला धीर देतोयस की काय करतोयस?

सोनूताई: राहू दे आत्या, मला खरंच बरं वाटलं. शेवट सांगितलास म्हणून, बंड्या.

अप्पाकाका: रेल्वेने जावे. – अप्पा

माईआत्या: माझ्याकडे झोपेची गोळी आहे. अर्धी घेतलीस तर पोचेपर्यंत डोळा उघडणार नाही.

मीनावहिनी: आत्या, दुसऱ्याची गोळी अजिबात नको. घ्यायचीच तर तिच्या डॉक्टरांना विचारून, आणि तीही आधी घरी घेऊन बघायची. सोनू, निघायच्या आधी कॉफी टाळ, छातीतली धडधड वाढते. श्वास घेताना चार मोज, सोडताना सहा. विमानात चढताना क्रूला सरळ सांग, "मला भीती वाटते." आम्ही अशा प्रवाशाकडे मुद्दाम फेऱ्या मारायचो.

माईआत्या: बरं, माझी गोळी नको. पण एकटीनेच कशाला जायचं हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही नको असू तर तसं स्पष्ट सांग.

सोनूताई: आत्या, तसं नाही हो. आईच्या आजारपणात तुम्ही होतात म्हणून मी टिकले. पण वर्षभर मी कोणाच्या ना कोणाच्या वेळा सांभाळत आले. आता भूक लागेल तेव्हा जेवायचं, झोप संपेल तेव्हा उठायचं, आणि "आज काय बघायचं?" असं विचारणारं कोणी नको. एकच गाव, एकच खोली. उजेडी पोचायचं, पहिल्या दिवशी काहीच ठरवायचं नाही. बाकीच्या दिवसांत फार तर एखादं काम, तेही मन झालं तर.

माईआत्या: मग फोन?

सोनूताई: रोज रात्री आठला एक मेसेज टाकेन. खोलीचा पत्ता आणि परतीचं तिकीट वहिनीकडे देऊन ठेवते. मधे कॉल नको. विमान उशिरा आलं तरी ग्रुपवर शोधाशोध सुरू करू नका, उशीर म्हणजे अपघात नव्हे.

बंड्या: विमान कुठवर आलंय ते फोनवर दिसतं, मी बघत बसतो.

मीनावहिनी: बघ, पण इथे टाकू नकोस. विमानाला घिरट्या घालताना पाहिलं की आत्यांचा रक्तदाब वाढेल.

अप्पाकाका: रेल्वेने जावे असे अजूनही वाटते. पण जायचेच तर पंखांजवळची सीट आजच घ्यावी, नंतर मिळत नाही. – अप्पा

सोनूताई: घेतली काका, आत्ताच.

माईआत्या: रात्री आठ म्हणजे तिथले की इथले?

सोनूताई: इथले, आत्या.