डब्याचा तास : चाळिशीनंतर लिहू लागलेल्या आयांचे अनुभव

गेल्या जूनमध्ये धाकट्याला हॉस्टेलवर सोडून आम्ही मिरजेला परत आलो. दुसऱ्या दिवशी सवयीनं सव्वापाचला जाग आली. ओट्याशी गेले, तवा गॅसवर ठेवला आणि लक्षात आलं, डबा द्यायचाय कुणाला? थोरलीच्या बालवाडीपासून धाकट्याच्या बारावीपर्यंत एकोणीस वर्षं तो तास डब्याचा होता. गॅस बंद केला, चहा घेऊन टेबलाशी बसले आणि किराण्याच्या वहीत मागच्या बाजूनं लिहायला लागले. एका पानावर शेंगदाणे दोन किलो, तूरडाळ तीन. पुढच्या पानावर माझ्या आजोळची विहीर. त्या वहीत आता किराणा लिहीत नाही.

माझं वय ४८. तो तास रिकामा झाल्याबरोबर सगळ्यांनी त्यावर हक्क सांगितला. सासऱ्यांना फिरायला सोबत हवी, नणंदेचा फोन, सोसायटीचा हिशेब. कुणाचं वाईट मनात नव्हतं. आई मोकळी झाली म्हणजे मोकळीच, असं सगळे धरून चालतात. 'सव्वासहापर्यंत मला हाक मारू नका' एवढं एक वाक्य बोलायला मला तीन आठवडे लागले. बोलले, आणि कुणी हाक मारली नाही.

तुमचं कसं झालं? कुठल्या वयात, दिवसाच्या कुठल्या वेळी, कशावर लिहायला लागलात? हातचं राखून ठेवू नका.

पुणे, वय ४७

मुलं मोठी झाल्यावर वेळ मिळतो हे खरं, पण माझी मुलगी आत्ता कुठे सहा वर्षांची आहे. ती झाली तेव्हा मी ४१ची होते. घर रिकामं व्हायची वाट बघत बसले तर साठी उलटेल. आठवड्यातून तीन दिवस तिचा पोहण्याचा क्लास असतो, पाऊण तास. मी पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून बसते आणि फोनवर बोलून टाइप करते. विरामचिन्हं घरी आल्यावर घालते. मोठ्यानं बोलून लिहिल्यामुळे माझी वाक्यं आखूड झाली आहेत. मला ती आवडतात.

सिन्नर, वय ५२

नववीत शाळा सुटली, अठरा पुरी झाल्या झाल्या लग्न. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात तेव्हा बारावी नसली तरी पूर्वतयारी करून बी.ए.ला बसता यायचं, हे धाकट्या जावेनं सांगितलं. ४४व्या वर्षी फॉर्म भरला. हे विद्यापीठ १९८९ साली निघालं, म्हणजे माझी शाळा सुटली त्याच सुमाराला. आमच्यापासून फार लांबही नाही. मला पत्ता लागायला एवढी वर्षं गेली.

पहिल्या पेपरला हात भरून आला. इतकं सलग कधी लिहिलंच नव्हतं. शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं निघताना विचारलं, 'मावशी, तुम्ही तीन पुरवण्या काय लिहिल्या?' तेव्हा कळलं, मला सांगायचं खूप आहे. आता कांद्याच्या चाळीवर लिहितेय. हवा खेळायला जमिनीपासून उंच बांधलेली चाळ, आत सडायला लागलेल्या कांद्याचा वास रात्री घरात आला की नवऱ्याची झोप कशी उडते, ते. हे ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं असं मला वाटतं.

जळगाव, वय ५५

माझी सुरुवात दुसऱ्याचं लिहून घेण्यापासून झाली. सासूबाई ८४च्या, लिहिता-वाचता येत नाही, ओव्या मात्र शेकड्यांनी. 'आई, ओवी सांगा,' म्हटलं की गप्प. एकदा गहू निवडायला म्हणून सूप हातात दिलं आणि आपोआप सुरू झाल्या. तेव्हापासून ठरलं: दुपारी तीन वाजता सूप त्यांच्याकडे, वही माझ्याकडे. पाखडायचा ताल थांबला की ओवीही थांबते, मग मी मूठभर गहू पुन्हा सुपात टाकते.

बहिणाबाई आमच्या जवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून ती उरली, आणि पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. हे शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, आणि घरात सूप फडफडत होतं तिकडे माझं लक्ष नव्हतं. त्याची रुखरुख आहे. दोनशे पानं झाल्यावर मधेच माझी एक ओळ आली. सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, 'ही माझी नाही. पण राहू दे.'

मडगाव, वय ५०

पाळी जायच्या दिवसांत झोप गेली. रात्री तीनला घामानं भिजून उठायचे. लोक म्हणतात, जाग येते तर लिहून काढ. मला आठ महिने एक ओळ सुचली नाही, शब्दच आठवायचे नाहीत. घाबरून डॉक्टरांकडे गेले, उपचार घेतले, झोप आली, मग लेखन आलं. ज्यांना हे होतंय त्यांनी अंगावर काढू नका.

कोल्हापूर, वय ५१

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यावर माझं नवं नाव लिहिलं. तेविसाव्या वर्षी. तेव्हा सगळे हसत होते, मीही हसले. त्यानंतर रेशनकार्ड, बँक, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळीकडे तेच. जुनं नाव घेणारी फक्त आई, तीही माहेरी आणि हळू आवाजात.

मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली. अशा अंकांचं साहित्य जून-जुलैतच मागवतात, म्हणून भर पावसाळ्यात दिवाळीची कथा लिहीत होते. पहिली परत आली होती, ही घेतली. संपादकांचा फोन आला, 'नाव कसं छापू?' मी एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ते नाव मी ठेवलं होतं. तुला विचारलं नव्हतं.' अठ्ठावीस वर्षांत हे पहिल्यांदा निघालं. दुसऱ्या दिवशी संपादकांना जुनं नाव आणि माहेरचं आडनाव सांगितलं. मुलगा थोडा खट्टू झाला, 'आमचं काहीच नाही का त्यात?' म्हणाला. कथेत तू आहेस, तिसऱ्या पानावर, असं त्याला सांगितलं.

अंक आला तो घेऊन आईकडे गेले. आई ८०ची, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं, नाव वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या वहिनीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात मला हाक मारली.