'नाइन्टी नाइन' (२००९) बघितलाय का कोणी? नसेल तर आधी बघा, मग भांडू

रीळवाला
गुंड, चोर, बुकी वगैरे असलेला विनोदी सिनेमा सुचवा म्हटलं की दर वेळी तीच चार नावं येतात, सगळ्यांना पाठ आहेत, मी परत लिहीत नाही. दुर्लक्षित राहिलेल्यांत माझं मत 'नाइन्टी नाइन'ला. राज आणि डीके या जोडीचा. 'फॅमिली मॅन' आणि 'फर्जी' सगळ्यांनी बघितलं, पण त्याच दोघांनी आधी हा काढला होता हे सांगितलं की लोक "हो का?" म्हणतात आणि विषय संपतो.

गोष्ट १९९९ मधली. सचिन (कुणाल खेमू) आणि झरामूड (सायरस ब्रोचा) हे दोघं मुंबईत डुप्लिकेट सिमकार्डं बनवून विकतात. पोलीस मागे लागतात, पळापळीत एका बुकीची गाडी ठोकतात, तो बुकी म्हणजे महेश मांजरेकर, आणि मग गाडीचे पैसे फेडायला त्याच्याच हाताखाली वसुलीला लागतात. वसुलीसाठी जायचं दिल्लीला, बोमन इराणीकडे, ज्याला बेटिंगचं व्यसन आहे आणि जो कायम हरतो. मागे सगळा मॅच फिक्सिंगचा काळ. पण यातल्या कोणालाच माहीत नाही की आपण केवढ्या मोठ्या भानगडीच्या कडेला उभे आहोत, सगळ्यांना आपापल्या उधारीची पडलीय. मला सगळ्यात आवडतं ते हेच. आपल्याकडे गुंडांचा विनोद म्हणजे बहुतेक वेळा आरडाओरडा, शेवटी गोडाऊनमध्ये सगळे एकमेकांच्या मागे पळतात. इथे लोक नॉर्मल आवाजात बोलतात आणि तरी हसू येतं.

आणि मांजरेकरांची गंमत बघा, सिनेमा ज्या १९९९ सालात घडतो त्याच साली त्यांनी 'वास्तव' दिला होता, आणि दहा वर्षांनी इथे स्वतःच भाई होऊन हसवतायत.

खडूस_प्रेक्षक
बघितलाय. थेटरात बघितलाय, तिकीट काढून. त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

पहिला अर्धा तास चांगला, मान्य. मग दिल्लीला गेले आणि सिनेमा हॉटेलात मुक्कामालाच बसला. सोहा अली खानचं प्रेमप्रकरण कशासाठी आहे ते मला आजही कळलेलं नाही, ती बाई अख्खी काढून टाकली तर गोष्टीतलं काय बिघडतं सांगा. सायरस ब्रोचा 'एमटीव्ही बकरा'मध्ये जसा होता तसाच इथे आहे, फक्त इथे कॅमेरा लपवलेला नाही. आणि मुंबई भारी की दिल्ली भारी हे टोमणे एकदा ठीक, दोनदा ठीक, नंतर नंतर कंटाळा.

पडलेला प्रत्येक सिनेमा हिरा असतो असं एक फॅड आलंय हल्ली. काही सिनेमे पडतात कारण ते बरे असतात, नुसते बरे. बरं असणं हा काही अन्याय झाल्याचा पुरावा नाही.

रीळवाला
खडूसभाऊ, सोहावाल्या ट्रॅकवर मी तुमच्याशी भांडणार नाही. पण पडला का याचं उत्तर सिनेमात शोधण्याआधी कॅलेंडर बघा ना. १५ मे २००९ ला आला. एप्रिलपासून निर्माते विरुद्ध मल्टिप्लेक्स असा तिकिटाच्या हिश्श्यावरून संप चालू होता, मोठे हिंदी सिनेमे जूनपर्यंत आलेच नाहीत, लोकांची थेटरात जायची सवयच मोडली होती. वर आयपीएल, त्या साली निवडणुकीमुळे साउथ आफ्रिकेत हलवलेली, म्हणजे रोज संध्याकाळी टीव्ही अडकलेला. आणि दुसऱ्या दिवशी, १६ मेला, लोकसभेची मतमोजणी! शनिवारी अख्खा देश टीव्हीसमोर आकडे बघत बसलेला असताना कुणाल खेमूला बघायला कोण जाणार होतं?

खडूस_प्रेक्षक
मी गेलो होतो की. :)

आणि उलटं पण बघा, संप होता म्हणजे समोर स्पर्धाच नव्हती. मोठा सिनेमा कुठलाच नाही, मैदान मोकळं. लोक सिनेमाला उपाशी होते. तेव्हाही चालला नाही. ठीक आहे, थेटर सोडा. त्यानंतर डीव्हीडी आली, टीव्हीवर लागत राहिला, नंतर ओटीटीचा जमाना आला. इतर पडलेले सिनेमे या वाटेने वर आलेच ना? याला लोकांनी डोक्यावर घेतलं नाही. दर वेळी लोकच चुकतात का?

सायलेंट_मिडऑफ
मी वेगळ्या कारणासाठी विरोधात आहे आणि ते सिनेमा चांगला की वाईट याच्याशी संबंधित नाही.

७ एप्रिल २००० ला दिल्ली पोलिसांनी मॅच फिक्सिंगमध्ये साउथ आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिएचं नाव घेतलं तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही म्हणत होतो की पोलीस खोटं बोलतायत, हॅन्सी असं करणार नाही. चार दिवसांत त्याने स्वतःच पैसे घेतल्याचं कबूल केलं. मग त्याच वर्षअखेरीला अझरुद्दीनवर आजन्म बंदी, अजय जडेजावर पाच वर्षं (अझरची बंदी पुढे २०१२ मध्ये कोर्टाने बेकायदेशीर ठरवली, पण ते बारा वर्षांनी). माझ्या वडिलांनी त्यानंतर मॅच बघणं सोडलं ते सोडलंच. आता कोणी सिक्सर मारला तरी ते पेपर खाली करत नाहीत.

त्यामुळे त्याच काळावर कोणी हलकाफुलका सिनेमा केला की मला हसू येत नाही. ज्यांनी लोकांना फसवलं ते बुकी यात गोड दिसतात. विनोद खन्ना तर बुकी म्हणून इतका रुबाबदार दिसतो की पोरांना वाटेल चांगलं करिअर आहे.

नागपुरी_तर्री
मिडऑफ भाऊ, एक किस्सा सांगतो मग ठरवा हसायचं का नाही ते.

१९ मार्च २०००, आमच्या नागपुरात व्हीसीएच्या जुन्या ग्राउंडवर इंडिया-साउथ आफ्रिका वन डे. मी होतो तिथे, उन्हात, मामेभावासोबत. त्यांचा ओपनर गिब्स नुसता सुटला होता, आमचे बॉलर रडकुंडीला आले, ७४ मारले त्याने. आम्ही त्याला शिव्या घालून घालून घसा बसवला बे. नंतर चौकशीत काय निघालं? क्रोनिएने त्याला वीसच्या आत आउट व्हायचे १५ हजार डॉलर कबूल केले होते! आणि हेन्री विल्यम्स म्हणून बॉलर होता, त्याने पन्नासच्या वर रन द्यायचे ठरले होते, तर तो अकरा बॉल टाकून खांदा धरून बाहेर गेला. म्हणजे फिक्स केलेल्या दोन्ही माणसांकडून फिक्सिंग झालंच नाही. तरी दोघांना सहा महिने बंदी बसली ती बसलीच.

आता मला सांगा, हे कोणी सिनेमात लिहिलं असतं तर खडूसभाऊ म्हणाले असते की काहीही दाखवतात. आम्ही तिथे ओरडत होतो तेव्हा त्या मैदानावर सगळ्यात जास्त टेन्शन क्रोनिएला आलं असेल, आपल्याच ओपनरचे चौके बघून.

रीळवाला
तर्री, मला हेच म्हणायचं होतं. मुळात ते प्रकरण उघडकीला आलं कसं? दिल्लीची क्राइम ब्रँच खंडणीच्या केसमध्ये फोन ऐकत होती आणि कानावर पडलं क्रिकेट. शोधत होते एक, सापडलं भलतंच. इतिहासच असा असेल तर त्यावर कॉमेडी काढणं यात फसवणारे गोड कुठे होतात?

सायलेंट_मिडऑफ
गिब्सचा किस्सा भारी आहे, हसलो मी, खोटं कशाला बोलू. पण त्यात हसू कोणाचं होतंय बघा. क्रोनिएचं. पैसे देणाऱ्याचं. 'नाइन्टी नाइन'मध्ये आपण हसतो ते वसुलीला गेलेल्या दोन पोरांवर आणि हरणाऱ्या गिऱ्हाइकावर, आणि वरचा माणूस सूट घालून रुबाबात. नागपूरचा सिनेमा काढा, पहिल्या दिवशी पहिला शो बघतो.

स्क्रोल_करंट्या
एक मिनिट, मी २००४ चा आहे, हे डुप्लिकेट सिम म्हणजे काय प्रकार? सिम कशाला डुप्लिकेट करायचं, रिचार्ज मारा ना

रीळवाला
बाळा, तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे! इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. त्याआधी ज्याच्याकडे मोबाईल तो माणूस फोन वाजला की नंबर बघायचा, कट करायचा आणि पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोन, शोधत जायचा. त्यामुळे कोणी दुसऱ्याच्या बिलावर चालणारं सिम दिलं तर गिऱ्हाईक मिळणारच. या धंद्यात कोणाला मारायचं नाही, लुटायचं नाही, फक्त बिल तिसऱ्याच्या नावावर. म्हणून ती दोघं स्वतःला गुन्हेगार समजतच नाहीत, आणि पुढचा सगळा घोळ त्या समजुतीतून होतो.

स्क्रोल_करंट्या
फोन उचलायचे पैसे 😭 यावरच वेगळा हॉरर सिनेमा निघेल

सुलभा_लालबाग
मला वाटतं तुम्ही सगळे पोरांवरच अडकलायत. सिनेमा बोमन इराणीचा आहे.

आमच्या घरात मटक्याचं वेड बघितलंय मी. माझे मामा गिरणीत होते, संपानंतर काम गेलं आणि ओपन-क्लोजचा नाद वाढला. असा माणूस घरात असला की लोकांना वाटतं रोज रडारड असेल. तसं नसतं. तो माणूस फार गोड असतो हो. आज लागणार आहे, नक्की लागणार आहे, असं इतक्या खात्रीने सांगतो की मामीसुद्धा दोन मिनिटं विश्वास ठेवायची. बोमनने ते बरोब्बर पकडलंय. हरल्यावरचा चेहरा कोणीही करेल, पण हरल्यावर लगेच पुढच्या बेटचा विचार सुरू होतो तेव्हा डोळ्यांत जी चमक येते ती त्याने आणलीय. मला हसू आलं आणि रागही आला. मिडऑफ, तुमचं म्हणणं की हरणाऱ्यावर हसतो, तर मी नाही हसले त्याच्यावर, मी त्याच्या थापांवर हसले. मामांच्या थापांवर मामीपण हसायची.

सोहाबद्दल खडूसभाऊंशी सहमत. नुसतं गोड दिसायचं काम दिलंय तिला.

खडूस_प्रेक्षक
ताई, तुम्ही सांगितलं त्यात जेवढी जान आहे तेवढी त्या सिनेमात असती तर मी गप्प बसलो असतो. बोमन चांगला आहे यात वाद नाही. आणि एक नाव तुम्ही सगळे विसरलात, अमित मिस्त्री. कुबेर नावाचा तो दिल्लीवाला. छोटं काम, पण तो आला की सिनेमा उठून बसतो. २०२१ मध्ये गेला बिचारा, हार्ट अटॅक. अशा नटाला अजून दहा मिनिटं दिली असती आणि प्रेमगीतं कापली असती तर मीच हा धागा काढला असता.

बोरीवली_स्लो
धाग्याचा विषय दुर्लक्षित सिनेमा आहे ना? मग 'नाइन्टी नाइन' कसला दुर्लक्षित, त्याचे दिग्दर्शक आज एवढे मोठे झालेत की लोक मागे जाऊन शोधून बघतायत. खरा दुर्लक्षित म्हणजे 'संकट सिटी'. त्याच वर्षीचा, जुलै २००९. दिग्दर्शक पंकज अडवाणी (स्नूकरवाला नव्हे). के के मेनन गाडीचोर, चोरलेल्या मर्सिडीजमध्ये एक कोटी रुपये सापडतात, गाडी निघते अनुपम खेरची, आणि पैसे लपवून ठेवणारा जो गणपत, त्याचीच स्मरणशक्ती जाते. गणपत कोण, तर आपले दिलीप प्रभावळकर! 'लगे रहो'मधले गांधीजी सगळ्यांना माहीत, हे कोणालाच माहीत नाही. दिग्दर्शक २०१० मध्येच गेला, त्यामुळे "यांचं आधीचं बघा" म्हणायलाही पुढे काही उरलं नाही. याला म्हणतात दुर्लक्षित.

सुलभा_लालबाग
प्रभावळकर?? आणि मला माहीत नाही?? आज रात्रीच शोधते.

खडूस_प्रेक्षक
संकट सिटी चांगलाय. शेवट पसरलाय, पण चांगलाय.

रीळवाला
खडूसभाऊंनी 'चांगलाय' हा शब्द वापरला, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे. बोरीवली, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण तो वेगळा धागा काढा ना राव, इथे आधीच तिघं माझ्या अंगावर आहेत. आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना एवढंच, अर्ध्यात बंद करू नका, बोमन इराणी दिल्लीत भेटतो.

खडूस_प्रेक्षक
आणि सोहा पण दिल्लीतच भेटते. फॉरवर्डचं बटण हाताशी ठेवा.