रतलामला उतरलेल्या माणसाची कबुली: ऐकणाऱ्याचे गप्प राहणे पटते का?

धागाकर्ती (रामबाग, इंदूर):
आमच्या वाचक मंडळात परवा वाचलेली एक रहस्यकथा मनातून जात नाही. इंदूरहून मुंबईला निघालेल्या अवंतिका एक्सप्रेसच्या आरक्षित डब्यात एक वृद्ध गृहस्थ समोरच्या तरुणाशी घरगुती गप्पा मारत असतात आणि नागद्याजवळ गाडी चंबळेच्या पुलावर येताच, वीस वर्षांपूर्वी याच पात्रात आपण आपल्या भागीदाराला ढकलले, असे शांतपणे सांगतात. रतलामला ते उतरून जातात, तरुण मुंबईपर्यंत गप्प बसतो आणि कथा संपते. कबुली खरी की खोटी हे लेखकाने सांगितलेले नाही, आणि तेच मला कथेचे बळ वाटते. खुनाचा छडा लागला असता, तर आपले सारे लक्ष वृद्धाकडे गेले असते आणि ऐकणाऱ्यावर पडलेले ओझे कुणाला दिसलेच नसते.

एक वकील (राजेंद्रनगर, इंदूर):
ताई, मला हे पटत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम २५ नुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. तिऱ्हाइताला दिलेली कबुली मात्र न्यायालयापुढे येऊ शकते. म्हणजे वृद्धाने निवडलेला श्रोता त्याच्यासाठी पोलिसापेक्षाही धोक्याचा होता! शिवाय खून झाल्याचे ज्याला कळले आहे, त्याने वाजवी सबब नसल्यास ते पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ सांगते. रतलाम स्थानकावर रेल्वे पोलीस असताना हा तरुण जागचा उठतही नाही. खरी उत्कंठा त्या काही मिनिटांत होती आणि लेखकाने नेमकी तीच टाळली.

एक वाचक (लष्कर, ग्वाल्हेर):
एका वाक्याकडे लक्ष वेधतो. कबुली देण्यापूर्वी वृद्ध विचारतो, “आपण कुठपर्यंत?” तरुण ‘मुंबई’ म्हणाल्यानंतरच तो बोलू लागतो. आपल्याबरोबर रतलामला उतरणार नाही, असाच माणूस त्याने हेरला होता.

धागाकर्ती:
हे वाक्य फार मोलाचे आहे. वकीलसाहेब, आपण कायदा सांगितलात, परंतु अशा कबुलीला न्यायालये दुबळा पुरावा मानतात आणि तिला अन्य पुराव्याची जोड मागतात, हेही आपण जाणता. तरुणाला वृद्धाचे नाव ठाऊक नाही आणि भागीदाराचेही नाही. प्रेत मिळाले होते की नाही, हेही त्याला माहीत नाही. त्याने पोलिसांना सांगायचे तरी काय? त्याच्या गप्प राहण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ऐकलेल्या गोष्टीचे काय करावे हेच त्याला उमगलेले नाही.

एक वकील:
ताई, डबा आरक्षित होता, त्यामुळे वृद्धाचे नाव आरक्षण तक्त्यात होते आणि तिकीट तपासनिसाला विचारता आले असते. तरुणाला ते सुचले नाही, की सुचूनही विचारायचे नव्हते, एवढे एक वाक्य लेखकाने लिहिले असते, तरी माझी तक्रार उरली नसती.