विडी कामगार महिलांसाठी कायदा शिबिर आणि कारखान्यांसाठी प्रशिक्षण: सोलापुरात हे नीट कसे करावे?

प्रश्न: कनिष्ठ वकील, सात रस्ता

सप्रेम नमस्कार. आमचे कार्यालय केवळ कामगार आणि नोकरीविषयक कायद्याचे काम करते. कुंभारीच्या विडी घरकुलात आम्ही नुकतेच पहिले मोफत शिबिर घेतले. महिला मोठ्या संख्येने आल्या, आम्ही दीड तास श्रमसंहितांवर, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांवर, बोललो, आणि शेवटी एका मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे धरले. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर माहेरचे आडनाव होते, आधार कार्डावर सासरचे, आणि जन्मसालात चार वर्षांचा फरक. "मला पेन्शन मिळेल का, एवढंच सांगा," असे त्या म्हणाल्या. आमच्यापैकी एकाजवळही त्यांच्या हातात देण्यासारखा अर्जाचा नमुना नव्हता, ही गोष्ट मनाला फार लागली.

आता दर तीन महिन्यांनी शिबिर घ्यावे आणि अक्कलकोट रस्ता व चिंचोली एमआयडीसीतील कारखान्यांच्या एचआर कर्मचाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षणही सुरू करावे, असा विचार आहे. असे कार्यक्रम वकिलाने केलेली जाहिरात ठरतात का? कामगार आणि मालक या दोघांनाही एकाच कार्यालयाने शिकवावे का? आणि शिबिरात नेमके काय सांगावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: ज्येष्ठ वकील, कामगार न्यायालयात तीस वर्षे

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला पत्रके, जाहिराती, मध्यस्थ किंवा वैयक्तिक संपर्क यांतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागता येत नाही. कायदा समजावून सांगणे हे काम मागणे नव्हे. परंतु मंचामागे कार्यालयाच्या नावाचा मोठा फलक लावला, दारात व्हिजिटिंग कार्डे वाटली आणि उपस्थितांचे मोबाइल क्रमांक लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी फोन केले, तर त्या शिबिराचा हेतू कोणालाही वेगळा सांगावा लागत नाही. माझा आग्रह असा, की शिबिर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने घ्यावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि औद्योगिक कामगार या दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ही माहिती आमच्याच व्यवसायातील मंडळी महिलांना क्वचित देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुमच्या शिबिरात ती पहिल्या पाच मिनिटांत द्यावी आणि १५१०० हा मदत क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

दोन्ही बाजूंना शिकवण्यास हरकत नाही. मात्र ज्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला, त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही. शिबिराच्या टेबलाशी बसून एखाद्या महिलेचे कागद तपासले, की हा प्रश्न लगेच उभा राहतो. म्हणून कोणाचे कोणत्या कारखान्याविरुद्धचे कागद पाहिले, याची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

उत्तर २: निवृत्त कामगार प्रतिनिधी, पूर्व भाग

श्रमसंहितांवर दीड तास बोललात, तिथेच शिबिर हातचे गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाल्या हे खरे, आणि विडी कामगारांचा १९६६ चा कायदाही त्यांत विलीन झाला. परंतु घरी सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला कायद्याचे नाव बदलल्याने काही उमगत नाही. तिला आपला हिशेब समजला पाहिजे.

एका शिबिरात एकच विषय घ्यावा आणि तो फळ्यावर सोडवून दाखवावा. ग्रॅच्युइटीचेच पाहा, म्हणजे नोकरी सुटताना दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने मिळणारी रक्कम. तुकड्यावर काम करणाऱ्या कामगाराचे रोजचे वेतन हे काम सुटण्याच्या आधीच्या तीन महिन्यांच्या एकूण मजुरीच्या सरासरीवरून काढतात. समजा ही सरासरी २०० रुपये आली आणि नोकरी २७ वर्षांची झाली, तर २०० गुणिले १५ गुणिले २७ म्हणजे ८१,००० रुपये होतात. आता हाच आकडा पुसून सरासरी १२० रुपये धरा, म्हणजे ४८,६०० राहतात. शेवटच्या तीन महिन्यांत पान-तंबाखू कमी मिळाली किंवा छाट (खराब म्हणून बाद केलेल्या विड्या) जास्त निघाली, तर सत्तावीस वर्षांच्या कष्टांची रक्कम कशी घसरते, हे या दोन ओळींत दिसते. मी हे मांडले तेव्हा मागे बसलेल्या बायका पुढे येऊन बसल्या होत्या, आणि घरातली मजुरीच्या नोंदीची कार्डे कधीच टाकायची नाहीत, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

आडनावाचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. तेलुगू आडनाव मराठी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले, पुढे लग्नाने ते बदलले, आणि साठीला आल्यावर फंडाच्या कार्यालयात नावे जुळेनात. यावर कामगार आणि मालक यांचे संयुक्त घोषणापत्र हा मार्ग आहे. त्याचे कोरे नमुने घेऊन बसावे आणि ते तिथेच भरून द्यावेत. भाषण तेलुगूत करता आले तर फारच उत्तम. निदान टेबलाशी तेलुगू बोलणाऱ्या दोघी तरी हव्यातच.

उत्तर ३: एचआर अधिकारी, चिंचोली एमआयडीसी

आमच्या बाजूचे सांगतो. व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. आम्हाला खऱ्या पगारपत्रकावर बसून शिकायचे आहे. नव्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. त्याने फंड आणि ग्रॅच्युइटी दोन्हीचे हिशेब हलतात. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेवरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी लागते, हे अनेक लहान कारखान्यांत अजून पोहोचलेले नाही.

दुसरा विषय लैंगिक छळविरोधी कायद्याचा, म्हणजे २०१३ च्या कायद्याचा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि ती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समिती कागदावर असते. पण तक्रार आली की पहिल्या दिवशी काय लिहायचे, हे सदस्यांना माहीत नसते. ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. एक काल्पनिक तक्रार देऊन आमच्याकडून नोटिशीपासून अहवालापर्यंत सर्व लिहून घ्यावे.

उत्तर ४: विडी कामगाराची मुलगी, नीलम नगर

वरच्या उत्तरातील समिती आमच्या आईसारख्या घरी काम करणाऱ्या बायकांच्या कामाची आहे का, हे शिबिरात अवश्य सांगावे. विड्या मोजणारा आणि छाट काढणारा माणूस एकच असतो, आणि त्याच्या मर्जीवर दिवसाची मजुरी ठरते. त्याने वावगे बोलले तरी आई घरी येऊन काही सांगत नसे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, हे मला महाविद्यालयात कळले; आईला कोणीही सांगितले नव्हते. आणि कृपा करून शिबिर सकाळी ठेवू नका. त्या वेळी बायका माल द्यायला गेलेल्या असतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फलकाची मागणी आज रद्द केली. पुढचे शिबिर दुपारी चारला घेऊ, विषय केवळ ग्रॅच्युइटी ठेवू, आणि स्थानिक समितीची माहिती आमच्या सहकारी वकील भगिनी महिलांना स्वतंत्र बसवून सांगतील. संयुक्त घोषणापत्राचे नमुने छापून घेतो आणि त्या मावशींना पहिला नमुना घरी जाऊन देतो. उत्तर २ च्या लेखकांना विनंती, की फळ्यावरचा हिशेब आपणच येऊन मांडावा.